'भाषा प्राधान्य', 'भाषा निवड' की 'पसंतीक्रम'?

जतकर: वेब ॲप मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत चालतं. सेटिंगवर 'भाषा प्राधान्य' लिहू की 'भाषा निवड'?

विटेकर: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका शब्दात कोंबू नका. ब्राउझर पानाच्या प्रत्येक विनंतीबरोबर ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर, म्हणजे कुठल्या भाषा हव्यात त्याची चिठ्ठी पाठवतो. त्यात यादी असते: एमआर-आयएन (भारतातली मराठी), मग एमआर (नुसती मराठी) ०.९, केएन (कन्नड) ०.८, ईएन (इंग्रजी) ०.७. हा झाला पसंतीक्रम. पुणे पदवीधर मतदारसंघात सातारा-सांगलीकर मतपत्रिकेवर १, २, ३ लिहितात, तोच प्रकार. 'प्राधान्य' ऐकलं की एकच भाषा डोळ्यासमोर येते, मागची यादी दिसत नाही.

मिरजकर: मग ०.९ ला 'वजन' म्हणायचं का?

विटेकर: नको, लोकांना वाटतं नव्वद टक्के मराठी येणार. 'पसंती-अंक' बरा. तो ० ते १ मधला. लिहिला नसेल तर १ धरायचा, आणि ० म्हणजे ती भाषा नकोच. बहुतेक चूक पुढे होते. ॲपकडे नुसतं 'एमआर' असतं, आणि ब्राउझरच्या यादीत कधी फक्त 'एमआर-आयएन' असतं, सुटं 'एमआर' नसतं. अक्षरशः तुलना केली की जुळत नाही आणि मराठी माणसापुढे इंग्रजी पान येतं. आधी 'आयएन' हे शेपूट कापून बघायचं, मगच यादीत खाली उतरायचं.

जतकर: आमच्याकडे बऱ्याच जणांचे मोबाइल इंग्रजीतच असतात. वाचणार कन्नड, हेडर म्हणणार इंग्रजी.

विटेकर: म्हणूनच हेडर हा नुसता अंदाज. वापरणाऱ्यानं बटण दाबलं ती 'निवड'; ती कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीत) किंवा खात्यात ठेवा आणि हेडरच्या वर धरा. बटणावर प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत हवं. झेंडे लावू नका राव, मराठी आणि कन्नडला एकच तिरंगा येतो!

मिरजकर: मध्ये कॅश, म्हणजे पानांच्या प्रती साठवून पुढच्यांना देणारी सोय असेल, तर सर्व्हरच्या उत्तरात 'व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज' हे हेडर घाला; भाषेच्या यादीप्रमाणे पान बदलतं हे त्यातून कॅशला कळतं. नाहीतर एकाला दिलेलं कन्नड पान पुढच्या मराठीवाल्याला जातं. कुकीवरची निवड मात्र या हेडरला कळत नाही. प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा वेब-पत्ता दिला की ही कटकटच नाही.

जतकर: म्हणजे बटणावर 'भाषा निवडा', मदतीच्या पानावर 'ब्राउझरमधला भाषांचा पसंतीक्रम'.

विटेकर: बरोबर. आणि पानाच्या एचटीएमएल टॅगमधलं 'लँग', म्हणजे पान कुठल्या भाषेत आहे ते सांगणारी नोंद, विसरू नका. तिथं हिंदीचा कोड राहिला, तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात.