जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर कॉम्प्लेक्स बांधायलोय, खड्ड्यात वास येतोय, काय करावं?

जालनेकर_पाटील:
नमस्कार मंडळी. जालन्यात आमच्या चुलत्यांनी एक प्लॉट घेतलाय, पूर्वी तिथं पेट्रोल पंप होता, बंद पडून लई वर्षं झाली. खाली बेसमेंट पार्किंग, वर दुकानं आन् पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरला दवाखान्यासाठी जागा द्यायची असं ठरलंय. आता फुटिंगचे खड्डे चालू हायेत, आन् जुन्या टाक्या होत्या त्या कोपऱ्यात आठ-नऊ फुटावर माती राखाडी-निळसर निघायली, पेट्रोलचा वास येतोय, सकाळी जास्त, दुपारी वारं सुटलं की कमी. टाक्या काढल्या म्हणतेत पण खालची माती काढली का नाही कुणालाच माहीत नाही. गुत्तेदार म्हणायलाय काय होत नाही, मुरूम भरू, जाड पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) मारू, वॉटरप्रूफिंग करू, वास बंद. आर्किटेक्ट म्हणतोय बेसमेंटला मोठे एक्झॉस्ट लावू. मला दवाखान्याचं टेन्शन यायलंय. खरंच काही करावं लागतं का उगं खर्च?

मुरूम_मेटल:
पाटील, आधी त्या कोपऱ्यातलं वेल्डिंग, गॅस कटिंग आणि मजुरांच्या बिड्या आजच बंद करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्याच्या तळाला बसून राहते आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीने पेटते. खड्ड्यात माणूस उतरवायच्या आधी गॅस मीटर लावून बघा, तो भाड्याने मिळतो.

दुसरं, ती निघालेली माती प्लिंथच्या भरावात टाकू देऊ नका. आपल्याकडं ही सवयच आहे, खड्ड्यातून निघालं ते प्लिंथमधे ढकलायचं, गुत्तेदाराची एक ट्रीप वाचते आणि घाण कायमची बिल्डिंगखाली. गायरानात नेऊन ओतायची पण नाही, प्रदूषण मंडळाला विचारून धोकादायक कचरा म्हणूनच तिची वाट लावावी लागते.

आणि पीसीसी जाड केल्याने वाफ थांबत नाही. ती काँक्रीटमधून कमी आणि फटीतून जास्त येते, कॉलम आणि फ्लोअरचा जोड, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीची जागा, लिफ्टचा पिट, पाण्याचा संप. बेसमेंटमधे बोअर असेल तर केसिंगच्या बाजूने सरळ वर. उन्हाळ्यात न वापरलेल्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलं की तिथूनही.

गुत्तेदार_२१:
हे जरा जास्तच होऊ लागलंय. आम्ही जुन्या गॅरेजच्या, कारखान्याच्या जागेवर किती बिल्डिंगा उभ्या केल्या, कुणाला काही झालं नाही. थोडे दिवस वास येतो मग जातो. असले अमेरिकेचे चोचले इथं कोण करतंय राव.

वाळूज_लॅब:
वास जातो म्हणजे नाकाला सवय होते, पेट्रोलमधलं बेंझिन हे विषारी रसायन तिथंच असतं. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी बेंझिनची वार्षिक मर्यादा एका घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, २००९ पासून. नाकाला बेंझिन कळायला याच्या कितीतरी पट लागतं, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही हा हिशोबच चुकीचा. ते रक्ताच्या कॅन्सरशी जोडलेलं रसायन आहे आणि दवाखान्यात रिसेप्शनवरची पोरगी रोज आठ-दहा तास बसणार. आणि अमेरिकेचंच कशाला, मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ ला गळक्या पाइपातलं पेट्रोल गटारात उतरलं आणि रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेच्या वर माणसं गेली. लोक आधी काही दिवस वास येतोय म्हणून तक्रारी करत होते.

पाटील, टेस्ट करून घ्या. नुसती माती नाही, जमिनीतली हवा तपासायची, म्हणजे बारीक नळी खाली उतरवून स्टीलच्या व्हॅक्यूम डब्यात सँपल घ्यायचं. पीआयडी मीटरने (वाफ मोजणारं हातातलं यंत्र) जागेवर अंदाज येतो पण दवाखाना येणार असेल तर लॅबचा रिपोर्टच पाहिजे. एकदाच करून सोडू नका, मे मधे एकदा आणि श्रावणात पाऊस मुरल्यावर एकदा. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, वाफ बाहेर निघून जाते, पावसाळ्यात तीच फुगून वरून बंद होते आणि वाफ मग कोरड्या बाजूला सरकते, म्हणजे तुमच्या बिल्डिंगखाली. तुमचं त्यातल्या त्यात नशीब की पेट्रोल आहे, हवा मिळाली तर मातीतले जीवाणू ते हळूहळू खातात. मशीनचे पार्ट धुवायचं टीसीई नावाचं रसायन असतं तर ते असं लवकर संपत नाही, वर्षानुवर्षं खालीच.

जालनेकर_पाटील:
बाप रे. बरं मग एक्झॉस्टचं काय, ते तरी चालंल का? आन् रेडॉन का काय ते पण जमिनीतून येतं म्हणतेत, ते बी बघावं लागंल का?

मुरूम_मेटल:
नुसता एक्झॉस्ट लावला तर उलटंच होईल. तो बेसमेंटमधली हवा बाहेर ओढणार, आतला दाब कमी होणार आणि खालची वाफ फटीतून अजून जोरात आत. लावायचाच तर बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर त्याच्यापेक्षा मोठा पाहिजे.

रेडॉन म्हणजे खडकातल्या युरेनियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू, त्याचं जालन्यात टेन्शन नको, आपल्या काळ्या बेसॉल्टमधे युरेनियम फार कमी. देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट आहे, तिकडं कुणी बेसमेंट करत असेल तर बघावं. पण खाली सांगतो ती पद्धत मूळची रेडॉनसाठीच निघालीय.

खराब माती काढून झाली की फ्लोअरखाली चार ते सहा इंच धुतलेली २० एमएमची खडी, मुरूम नाही, मुरमातला चुरा बसला की हवा फिरतच नाही. खडीत चार इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, वर मेंब्रेन (वाफ अडवणारी शीट), मग काँक्रीट. मेंब्रेन म्हणजे बाजारातलं पातळ काळं प्लास्टिक नाही, रसायनाला टिकणारं दीड एमएमच्या आसपासचं, सांधे वेल्ड केलेलं आणि कॉलमभोवती, पाइपाभोवती नीट चिकटवलेलं. काँक्रीटच्या आधी खालून धूर सोडून बघायचं कुठून निघतोय, कारण सळई बांधणारे त्याच्यावर बूट घालून नाचतात आणि भोकं पडतात, स्वतः उभे रहा तिथं. तो पाइप सरळ गच्चीवर न्यायचा, खिडकी आणि एसीच्या हवेच्या तोंडापासून लांब, आणि वर खालची वाफ ओढून घेणारा पंखा. पंखा बेसमेंटमधे कधीच नाही, पंख्याच्या पुढचा पाइप गळला तर वाफ बिल्डिंगमधेच सुटेल. पंखा फ्लेमप्रूफ घ्या आणि इन्व्हर्टरवर ठेवा, लाइट गेली की बंद पडायला नको.

आपल्याकडं हमखास विसरतात ते प्लिंथ बीम. बीममुळे खालची खडी चौकटीचौकटीत कापली जाते, एका चौकटीतून ओढलं तर दुसरीला पत्ताच नसतो. कास्टिंगच्या आधी बीममधे स्लीव्ह (आरपार पाइपाचे तुकडे) टाकून ठेवा, नंतर कोअर कटिंग करत बसाल तर रडाल. पाइपावर रंगीत पाण्याची यू-नळी लावून द्या, दोन्हीकडं पाणी सारखं दिसलं की पंखा बंद, वॉचमनलाही कळतं.

गुत्तेदार_२१:
खडी-पाइप ठीक आहे, त्याला फार पैसे नाहीत, मेंब्रेनचा खर्च दुखतो. मला विचाराल तर बेसमेंटच कॅन्सल करा, चारी बाजूंनी उघडं स्टिल्ट पार्किंग काढा, वाफ आली तरी वाऱ्यावर जाईल.

वाळूज_लॅब:
हे मात्र शंभर टक्के बरोबर, प्लॉटमधे बसत असेल तर सगळ्यात चांगला उपाय हाच. फक्त लिफ्ट आणि जिना खालून वर जातो, तो वाफेला चिमणीसारखा होतो, तेवढ्या भागाखाली खडी-मेंब्रेन कराच. आणि २०२५ च्या जुलैमधे केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, रिपोर्ट फाइलमधे ठेवा, उद्या डॉक्टर किंवा बँकेने विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

जालनेकर_पाटील:
स्टिल्टचं चुलत्यांना पटंल असं वाटतंय, खोदाई बी वाचती. माती उद्यापासून वेगळी टाकायला सांगतो. एक राहिलं, प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात बोअर घ्यायचा होता, गाडी परवाच यायचीय. घ्यावा का?

वाळूज_लॅब:
गाडी थांबवा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आपल्या खडकात पाणी भेगांतून फिरतं, तुम्ही उपसा चालू केला की ते पाण्याबरोबर तुमच्याकडं ओढलं जाईल. आधी शेजारच्या दोन-तीन बोअरचं पाणी बेंझिनसाठी तपासा. शेजारी विचारतील कशाला, तर खरं सांगा, त्यांच्या घरात तेच पाणी चाललंय.