मदत हवी आहे: वीस मिनिटांचा देखणा डेमो फुकट द्यावा की विकावा?

मंडळी, गेम बनवणाऱ्यांची आणि त्याहून जास्त गेम खेळणाऱ्यांची मदत हवी आहे.

आम्ही तिघं मित्र नोकऱ्या सांभाळून अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर एक भयकथेचा गेम करतोय. पूर्ण व्हायला बराच अवकाश आहे, पण त्यातला एक तुकडा तयार आहे: कोकणातला बंद पडलेला वाडा, आषाढातली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. खेळायला साधारण वीस मिनिटं. हा तुकडा आता स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकायचा म्हणतोय, आणि कसा टाकायचा यावरून आमच्यात जुंपली आहे.

तुकडा दिसायला झकास झालाय. बढाई नाही मारत, अडचण तिथूनच सुरू होते. ओळखीच्या लोकांना खेळायला दिला तर बहुतेकांचं एकसारखंच झालं. सुरुवातीला तोंडाचा आ. एक जण तर पडवीत उभा राहून नुसत्या पागोळ्या बघत होता. कॅमेरा वर, कॅमेरा खाली, पाणी जांभ्यावर पडून कसं फुटतं ते. स्क्रीनशॉट काढून झाले. मग त्याने माजघराचं दार ढकललं. उघडलं नाही. शेजारचं ढकललं, तेही नाही. तिसऱ्या दाराला माझ्याकडे वळून म्हणाला, “भारी आहे रे, पण यात करायचं काय?”

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, १४९ रुपये लावू. फुकट दिलेल्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत. दुसरा म्हणतो, ‘प्रोलॉग’ म्हणून वेगळा फुकट गेम टाकू. मी अधांतरी.

आधी असल्या छोट्या देखण्या गोष्टींचं खेळाडूंनी काय केलं, ते थोडं धुंडाळलं. पहिलं नाव अर्थातच ‘द मॅट्रिक्स अवेकन्स’, अनरिअल ५ ची ताकद दाखवणारा टेक डेमो. ९ डिसेंबर २०२१ ला गेम अवॉर्ड्सच्या रात्री अनरिअल बनवणाऱ्या एपिकने पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एससाठी ते फुकट सोडलं. कियानू रीव्ह्ज, कॅरी-अ‍ॅन मॉस, हायवेवरचा पाठलाग, मागून येणाऱ्या गाड्यांच्या टायरवर गोळ्या. आणि ते संपलं की अख्खं शहर तुमच्या हवाली: एपिकच्याच आकड्यांनुसार साधारण १६ चौरस किलोमीटर, ७,००० इमारती, रस्त्यावर ३५,००० माणसं. पण त्या शहरात काम असं काहीच नाही. चाला, गाडी ठोका, ड्रोनसारखं उडा, सूर्य फिरवून दिवसाची रात्र करा, गर्दी कमी-जास्त करा. खिडक्यांतून दिसणाऱ्या खोल्यासुद्धा काचेवरची हातचलाखी. आत जाता येत नाही. म्हणजे बंद दारं तिथेही होतीच, आमच्यापेक्षा हजारोपट जास्त! फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) तर ३० च्या खाली घसरायचा, विशेषतः वेगात गाडी चालवताना. तरीही लोक खुळावले. तासन्‌तास फिरले, चेंबलेल्या बॉनेटचे फोटो टाकत बसले. कुरकुर होती, ती फ्रेम रेटची. ‘फसवलं’ असं मात्र फारसं कोणी म्हणालं नाही.

उलट बाजूला ‘मेटल गिअर सॉलिड ५: ग्राउंड झीरोज’. मार्च २०१४. दिसायला त्या काळात अव्वल, पावसातला तो तळ आजही बघावा असा. खेळायलाही उत्तम, आमच्या वाड्यापेक्षा कितीतरी जास्त ‘गेम’. पण मुख्य मोहीम दोन तासांत आटपते आणि किंमत तेव्हा ३० डॉलरच्या आसपास. लोकांनी ‘विकत घेतलेला डेमो’ म्हणून झोडपलं. साइड मिशन्स भरपूर होती, ती मोजायला कोणी थांबलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, २०२० चा. तो टेक डेमो नव्हे, पाच-सहा तासांचा पुरा गेम आहे. पण प्रतिक्रियांचा साचा ओळखीचा: चित्रांचं, वास्तूंचं, संगीताचं मनापासून कौतुक, आणि मग ‘लवकर संपला, शेवट तुटल्यासारखा वाटला’.

तर विचारायचं हे: तुम्ही स्वतः खेळाडू म्हणून असं काही उघडलंत तर राग नेमका कशाचा येतो? छोटं असण्याचा, करायला काही नसण्याचा, की पैशाचा? आणि हातात थोडेच आठवडे असतील तर ते कशावर घालवावेत? आणखी खोल्या, एखादं कोडं, की दुसरंच काही? किमान कोणत्या ग्राफिक्स कार्डवर चालायला हवं, तेही सांगा; आमची दोन्ही मशिनं तगडी असल्याने अंदाज येत नाही.

आधीच धन्यवाद. ‘आधी गेम पूर्ण करा’ हा सल्ला घरून रोज मिळतो, तो सोडून बोला.

रात्रपाळी:

स्टुडिओत काम करतो, म्हणून थेट सांगतो. विकू नका.

स्टीमचा परताव्याचा नियम माहीत असेलच: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत, फारशी विचारपूस नाही. वीस मिनिटांचा गेम माणूस दोनदा खेळून, जेवून येऊन परत करू शकतो. ‘समर ऑफ ’५८’ नावाचा छोटा भयकथेचा गेम करणाऱ्या एमिका गेम्सचं २०२१ मध्ये हेच झालं. गेम दोन तासांच्या आत संपणारा. अभिप्राय चांगले, आणि तरीही परताव्यांचा पाऊस. शेवटी बनवणाऱ्याने गेम बनवणं बेमुदत थांबवत असल्याचं जाहीर केलं.

‘प्रोलॉग’ही नको. ते वेगळं प्रॉडक्ट धरलं जातं, म्हणजे स्टीमवर गेम टाकायची १०० डॉलरची फी पुन्हा. त्यापेक्षा मुख्य गेमचं पान आधी उघडा आणि त्याच्याखाली अधिकृत डेमो लावा. त्याला वेगळी फी नाही. जुलै २०२४ पासून डेमोला स्वतःचं पान आणि स्वतःचे अभिप्राय ठेवता येतात. उद्या कोणी ‘दारं उघडत नाहीत’ म्हणून अंगठा खाली केला तरी तो डाग डेमोच्या पानावर, मुख्य गेमवर नाही. मुख्य गेमच्या विशलिस्टचं (‘नंतर घेईन’ यादीचं) बटण मात्र समोरच.

आणि नेक्स्ट फेस्टला, म्हणजे स्टीमवरच्या डेमोंच्या जत्रेला, घाई करू नका. एका गेमला एकदाच भाग घेता येतो. हा तुकडा आत्ता तिथे खर्ची घातलात तर गेम तयार होईल तेव्हा हात चोळत बसाल.

जुना कंट्रोलर:

धागा वाचून ‘हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट’ आठवलं. २००५, ऑक्टोबर. ज्यांच्याकडे हाफ-लाइफ २ होता त्यांना फुकट. एकच लेव्हल: खाली मासेमारीचं गाव, वर कड्यावर मठ, आणि तिथली तोफ बंद पाडायची. पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. ती बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ती मुळात एचडीआर प्रकाश दाखवायलाच सोडली होती. मठाच्या अंधाऱ्या गाभ्यातून अंगणात आलात की क्षणभर सगळं पांढरं व्हायचं आणि मग डोळे सरावल्यासारखं दृश्य हळूहळू जागेवर यायचं. आज प्रत्येक गेममध्ये हे असतं, त्या वेळी आम्ही नुसते आत-बाहेर करत बसायचो.

तिथे ‘छोटं आहे’ ही तक्रार झालीच. पण व्हॉल्व्हने एक चलाखी केली होती, ती तुमच्या कामाची आहे. लेव्हलमध्ये ठिकठिकाणी कॉमेंटरीची चिन्हं तरंगत ठेवली होती. त्यावर गेलं की बनवणारा स्वतः सांगायचा, हा उजेड असा का, इथे शत्रू वरून का येतात, कड्याची चढण अशी का ठेवली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे त्याच मालिकेच्या एपिसोड वनमध्येही कॉमेंटरी आली. एकदा खेळून झालं की माणूस दुसऱ्यांदा खास ऐकायला फिरायचा.

तुमच्या त्या पागोळ्यांजवळ असं एक चिन्ह ठेवा. पाणी जांभ्यावर कसं फोडलं, ते स्वतःच्या आवाजात मराठीत सांगा. खाली इंग्रजी सबटायटल. नवीन खोल्या बांधण्याच्या दहाव्या हिश्श्यात काम होईल.

कटकट्या:

मला चित्रांशी देणंघेणं नाही. माझ्यासारखे १६५० ग्राफिक्स कार्डच्या लॅपटॉपवाले आपल्याकडे ढिगाने आहेत. ४ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी. त्यावर चालत नसेल तर तुमचा पाऊस तुम्हालाच लखलाभ. अनरिअल ५ चे गेम उघडले की दर वळणावर गचका बसतो, तिथेच मी अनइन्स्टॉल करतो. किती मिनिटांचा आहे हे बघायची वेळच येत नाही.

धागाकर्ता:

@रात्रपाळी, नेक्स्ट फेस्टचं माहीत नव्हतं. मोठं काम केलंत. प्रोलॉगवाला मित्र तुमचा प्रतिसाद वाचून गप्प आहे, १४९ वाला अजून नाही.

@जुना कंट्रोलर, कॉमेंटरीची कल्पना फार आवडली. प्रश्न एकच. भयकथेत मधेच आमचा आवाज आला तर भीती कुठे राहणार?

@कटकट्या, तुमचं खरं आहे. शेजारच्या पोराच्या १६५० वर चालवून बघितला. फ्रेम रेट वाढावा म्हणून ल्युमेन (अनरिअलची प्रकाश पसरवणारी यंत्रणा) बंद केलं, तर वेग आला, पण माजघर काळंकुट्ट! काही म्हणजे काही दिसेना.

रात्रपाळी:

काळं होणारच. दारातून येणारा उजेड भिंतींवर आपटून आत पसरतो, ते सगळं ल्युमेन करत होतं. ते काढलं की उरला फक्त थेट प्रकाश. फक्त ‘लो’ सेटिंगला चालू होतील असे दोन-तीन मंद, सावली न पाडणारे दिवे आत लपवा. एक दाराशी, एक जमिनीलगत. हुबेहूब नाही दिसणार, पण वाडा वाड्यासारखा दिसेल. ४ जीबीसाठी भिंती-जमिनीवरचं टेक्श्चरही एक पायरी खाली आणा. ओल्या भिंतीवर कोणाला कळत नाही.

गचक्यांचं म्हणाल तर शेडर (ग्राफिक्स कार्डला चित्र रंगवायला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच कंपाइल करून घ्या आणि पहिल्यांदा सुरू करताना सरळ पट्टी दाखवा की तयारी चालू आहे. लोक दोन मिनिटं थांबतात. खेळताना अर्धा सेकंद अडकलं तर थांबत नाहीत.

चहाबिस्किट:

जरा वेगळं मत. विकलं की शिव्याच पडतात असं नाही. ‘ब्राइट मेमरी’ घ्या. चीनमधल्या एका माणसाने मोकळ्या वेळात, एकट्याने बनवलेला. जानेवारी २०१९ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला (अपुरा असतानाच विक्रीला) आला तेव्हा जेमतेम तासाभराचा, आणि तोही विकतच. गोष्टीचा पत्ता नाही, पण दिसायला मोठ्या स्टुडिओच्या तोंडात मारेल असा. लोकांनी सांभाळून घेतलं, कारण किंमत किरकोळ होती आणि एकटा माणूस करतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ब्राइट मेमरी: इन्फिनिट’ आला, तो स्टीमवर आधीच्या ग्राहकांना त्याने फुकट दिला. तेव्हा १४९ वाल्या मित्राचं अगदीच चुकत नाही. फक्त आज पैसे देणाऱ्याला पूर्ण गेम फुकट मिळेल, हे लिहून द्यायची आणि पाळायची तयारी हवी. आहे का?

नसेल तर फुकट. मधलं काही करू नका.

आणि राग कशाचा येतो म्हणून विचारलंत. मला बंद दाराचा येत नाही, उघडेल असं वाटायला लावणाऱ्या दाराचा येतो. कडी लोंबते आहे, फटीतून उजेड येतोय, मग मी ढकलणारच ना? ज्या खोलीत जायचं नाही तिच्या दाराला भलंमोठं कुलूप घाला, नाहीतर समोर भाताची पोती रचा. ‘अवेकन्स’मध्ये कोणी दारं ढकलत बसलं नाही, कारण ते शहर फिरायला दिलंय हे आधीच कळलं होतं.

जुना कंट्रोलर:

@धागाकर्ता, कॉमेंटरी पहिल्या खेपेला बंदच ठेवा. वाडा एकदा संपवला की मेनूमध्ये उघडू दे. घाबरून झालेल्या माणसाला कोणी कसं घाबरवलं ते ऐकायला मजा येते.

धागाकर्ता:

@चहाबिस्किट, पूर्ण गेम कधी होईल हे आम्हालाच माहीत नाही, तेव्हा लिहून काय देणार. मित्राला तुमचा प्रतिसाद दाखवला. त्याने मान डोलावली, पण १४९ चा आकडा अजून व्हाइटबोर्डवर आहे. पुसू द्यायला तयार नाही.

म्हणजे आता फुकट, मुख्य पानाखालचा डेमो, पहिल्या स्क्रीनवर स्पष्ट ‘वीस मिनिटांचा तुकडा’ असं लिहून. कुलपं उद्यापासून लावतो. पोत्यांचं मॉडेल कोणाकडे तयार असेल तर सांगा, नाहीतर तेही बनवत बसावं लागेल. आणि १६५० वर चालवून बघायला दोन-चार जण हवे आहेत. विपू करा, म्हणजे निरोप टाका.

कटकट्या:

विपू केली आहे. माजघर दिसलं नाही तर इथेच येऊन सांगेन.