रिसेटच्या आधी एरर कोड लिहून घ्या

दादा, शिरोलीच्या फाउंड्रीत सिरीयल मॉड्यूलचा (मशीनमधला डेटा वायरवरून पाठवणाऱ्या-घेणाऱ्या कार्डाचा) एरर दिवा रिसेटनं विझतो आणि तासाभरात परत लागतो, असं तुम्ही लिहिलंय. रिसेट फक्त फ्लॅग, म्हणजे एरर झाल्याची खूण, पुसतो, दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी कोड टिपून घ्या.

फ्रेमिंग एरर (अक्षराचा शेवट जागेवर न सापडणं) सतत येत असेल तर दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, नाहीतर बिटांचं सेटिंग जुळत नाही. ओव्हररन म्हणजे आलेला डेटा वेळेत उचलला जात नाही. पण पॅरिटी किंवा सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याचं तपासणीत दिसणं) फर्नेस चालू असतानाच येत असेल, तर थेट वायरिंगकडं बघा. आरएस-४८५ ची लाईन (एकाच वायरजोडीवर अनेक मशीन जोडायची पद्धत) असेल तर सगळ्यांची पॉवर बंद करून ए आणि बी या दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावा. लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेशन रेझिस्टर असतो, म्हणून साधारण ६० ओहम दिसायला पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. ४० दिसले तर मधल्या कुठल्यातरी ड्राइव्हचा (मोटर चालवणाऱ्या युनिटचा) टर्मिनेशन स्विच ऑन राहून तिसरा रेझिस्टर जोडला गेलाय. आपल्याकडं नवीन ड्राइव्ह बसवल्यावर हे हमखास होतं, ते बघाच.

केबल फर्नेसच्या पॉवर केबलपासून लांब घ्या, शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा. लाईनवर मॉडबस (मशीनांची आपसात बोलायची भाषा) असेल आणि स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारं मशीन, साथ देत असेल, तर तपासणीचं फंक्शन ०८, सब-फंक्शन १० (दशमान) नं एरर मोजणारे काउंटर शून्य करा. एक शिफ्ट चालवून सब-फंक्शन १२ नं एररचा आकडा वाचा आणि इथं टाका.