ग्लॉसी पेपर आणि घरचा इंकजेट: आपापले अनुभव लिहा (नागपूरकरांसाठी खास)

साध्या कागदावर झकास चालणारा इंकजेट ग्लॉसी म्हणजे चकचकीत फोटो पेपर घातला की नखरे सुरू करतो. काळं पुसलं जातं, आडवे पट्टे येतात, चेहरे लाल पडतात, कधी कागद आतच जात नाही. त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात कागद पापडासारखा वळतो आणि जुलैत शाई सुकता सुकत नाही. तुम्हाला काय कळलं ते इथे लिहा, पण नेमकं लिहा: प्रिंटर, शाई, कागदाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) सेटिंग, काय बिघडलं आणि कशानं सुटलं. "आमचा तर मस्त चालतो" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

लेझरवाल्यांना आधीच सांगून ठेवतो: इंकजेटचा ग्लॉसी पेपर लेझरमध्ये घालू नका. फ्यूजरच्या (टोनर कागदावर वितळवणाऱ्या भागाच्या) उष्णतेनं कागदावरचा लेप वितळून रोलरला चिकटतो.

टाकीवाला, महाल

सुरुवात काळ्या शाईपासून करा. कॅननच्या जी २०१० आणि जी ३०१० मध्ये काळी शाई पिगमेंट (न विरघळलेले रंगाचे कण) आहे आणि तीन रंग डाय (विरघळलेला रंग). एचपीच्या जीटी ५३ काळ्या बाटलीचंही तेच. एप्सनच्या एल ३११० किंवा एल ३२५० मध्ये ००३ नंबरच्या शाईच्या चारही बाटल्या डाय. पिगमेंटचे कण ग्लॉसीच्या लेपात मुरत नाहीत, वरच बसून राहतात. बोट फिरवलं की फोटोतल्या केसांचा काळेपणा बोटाला.

म्हणून ड्रायव्हरमध्ये फोटो पेपर निवडला की पिगमेंट काळीवाले हे प्रिंटर काळी टाकी बाजूला ठेवतात आणि तीन रंग मिसळून काळा तयार करतात. सेटिंग 'प्लेन पेपर'वर राहिलं की पिगमेंट काळी पडलीच म्हणून समजा. तेव्हा फक्त काळा भाग पुसला जात असेल आणि बाकीचे रंग घट्ट असतील, तर कागद बदलायला बर्डीवर धावू नका. पेपर टाइप बघा.

मोबाइलवरून प्रिंट काढणाऱ्यांनी तर दर वेळी बघा. कॉम्प्युटरवर ठेवलेलं सेटिंग मोबाइलच्या ॲपला माहीत नसतं, ते बहुधा प्लेनवरच उघडतं.

कागदी, इतवारी

"फोटो पेपर द्या" एवढंच म्हटलं तर बहुतेक ठिकाणी १८० जीएसएमचा कास्ट कोटेड (साध्या कागदावर एका बाजूला चकचकीत लेप) हातात पडतो. त्याची पाठ साध्या कागदासारखी लागते आणि ती हवेतला ओलावा पिते. फ्रेमसाठी किंवा अल्बमसाठी २६० ते २७० जीएसएमचा आरसी (रेझिन कोटेड) घ्या. त्यात कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो. कोपरा हळूच फाडून बघा, कागद तुटला तरी कडेला पापुद्रा ताणलेला दिसतो. किंमत जास्त, पण ढोबळ चुका कमी.

छापायची बाजू कोणती हे कळत नसेल तर किंचित ओलं बोट कोपऱ्यावर टेकवा. चिकटेल ती छापायची. मागून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये ती बाजू आपल्याकडे तोंड करून. समोर खाली ट्रे असलेल्या एचपीत ती खाली.

दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त कागदावर एप्सनचं 'अल्ट्रा ग्लॉसी' लावू नका. शाई जास्त पडते, गडद भागात ती साचते आणि सुकल्यावर ढगाळ चट्टे दिसतात. 'फोटो पेपर ग्लॉसी'पासून सुरू करा. तरी साचली तर रंगांच्या कस्टम सेटिंगमध्ये डेन्सिटी थोडी थोडी खाली न्या, कॅननमध्ये तिला इंटेन्सिटी म्हणतात. पूर्ण ए४ वाया घालवायची गरज नाही. एका ए४ चे चार तुकडे करा, ड्रायव्हरमध्ये ए६ माप द्या आणि त्वचा, काळे केस, आकाश असलेला एकच फोटो प्रत्येकावर वेगळ्या सेटिंगनं काढा. पाठीवर पेन्सिलीनं सेटिंग लिहा, नाहीतर संध्याकाळी चारही सारखेच दिसतात.

मनीषनगरची ताई

इथे सगळे सेटिंगवर बोलत आहेत, म्हणून हवेवर मी लिहिते. नागपुरात अर्धं दुखणं तेच आहे.

उन्हाळ्यात दुपारची हवा इतकी कोरडी की उघड्या पाकिटातला कागद लेपाच्या बाजूला वळतो. वळलेल्या कडा उचलल्या जातात, छापताना हेड (शाई सोडणारा भाग) त्यांना घासतं आणि कोपऱ्यांवर काळ्या रेघोट्या उमटतात. लोक त्याला हेड खराब झालं समजतात. कागद सपाट टेबलावर ठेवून बघा, कोपरा ३ मिमीहून जास्त वर असेल तर तसाच घालू नका. मूळ पाकिटात घालून, लेपाला बोट न लावता, उलट बाजूला हलकेच वाकवा आणि सपाट करा. सोबत एप्सनमध्ये 'थिक पेपर' आणि कॅननमध्ये 'प्रिव्हेंट पेपर अब्रेजन' चालू करा. हेड आणि कागद यांच्यातलं अंतर वाढतं. साध्या कागदावर परतताना ते बंद करायला विसरू नका, अक्षरं थोडी फिसकटतात.

मग संध्याकाळी आपण कूलर लावतो आणि खोली दमट होते. म्हणजे एकाच दिवसात कागद दोनदा हवा बदलतो. प्रिंटर कूलरच्या झोतात नको, कागद तर अजिबात नको. झिपच्या पिशवीत, मूळ पुठ्ठ्यासह, आडवा ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. छापायचे तेवढेच बाहेर काढा. रात्रभर ट्रेमध्ये ग्लॉसी पेपर सोडू नका.

पावसाळ्यात उलटं. शाई कोरडी वाटते पण आतून ओली असते. निघाल्यावर १५ मिनिटं एकेक फोटो वेगळा, मग मध्ये साधा कागद घालून रचा, २४ तासांनी मधले कागद काढा. त्याआधी काचेत किंवा प्लास्टिकच्या अल्बममध्ये घातलं तर आतून धुकं धरतं. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

शंका, धरमपेठ

फोटोवर सरळ रेषेत बारीक टोचल्यासारखे ठिपके येतात, तिरकं धरलं की दिसतात. हे काहून होते?

टाकीवाला, महाल

भाऊ, बाहेर ढकलणारी दातेरी चाकं आहेत ती, ओल्या शाईवरून फिरतात. शाई कमी पाडा म्हणजे डेन्सिटी उतरवा, आणि आरसी कागद वापरा. कागद दमट असला तर हे हमखास होतं.

नोझल, प्रतापनगर

आडव्या पट्ट्यांसाठी आधी नोझल चेक (हेडची बारीक छिद्रं उघडी आहेत का याची चाचणी), आणि तो साध्या कागदावर. महागडा कागद त्यात घालू नका. रेघा तुटलेल्या दिसल्या तर एकदा क्लीनिंग, पुन्हा चेक. तीन वेळा करूनही सुटलं नाही तर थांबा. प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो. टाकीच्या एप्सनमध्ये १२ तास बंद ठेवून मग परत चेक करा, नळीतला बुडबुडा बऱ्याचदा तेवढ्यात वर जातो. टाकीतली पातळी खालच्या रेघेच्या खाली गेली असेल तर आधी भरा.

नोझल चेक स्वच्छ आहे आणि तरीही पट्टे आहेत? मग पेपर टाइप चुकला आहे, क्वालिटी कमी आहे किंवा अलाइनमेंट (हेडची जुळणी) हललं आहे. क्वालिटी 'हाय' करा, 'बायडायरेक्शनल' (जाता-येता दोन्ही वेळा छापणं) किंवा 'हाय स्पीड' बंद करा. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. मग अलाइनमेंट.

कुठलं नोझल गेलंय हे फोटोच सांगतो. निळसर सायन बंद असेल तर चेहरे लालभडक, मॅजेंटा बंद असेल तर हिरवट, पिवळा बंद असेल तर जांभळट.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चारही रंगांचा छोटा चौकोन छापा. आणि प्रिंटर बटणानं बंद करा, बोर्डाचं स्विच नंतर. बटण दाबलं की हेड आपल्या टोपीवर जाऊन बसतं. छापता छापता लाइट गेली तर हेड उघडं राहतं. लाइट आली की प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्या.

रंगीत, गोधनी रोड

नोझल ठीक आहेत आणि तरी रंग हटतो, तर दोन ठिकाणी रंग सुधारणा चालू आहे का बघा. प्रोग्रॅम रंग सांभाळणार असेल तर ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट'. ड्रायव्हर सांभाळणार असेल तर प्रोग्रॅममध्ये काही नको. दोघंही हात घालायला लागले की चेहरा लाल. दुसऱ्या कंपनीच्या सुट्या शाईचं प्रोफाइल (रंग जुळवायची माहिती) त्या ड्रायव्हरमध्ये नसतंच, तिथे मॅजेंटा थोडा थोडा खाली आणून तुकड्यांवर जमवावं लागतं.

फोटो गडद येतो ही तक्रार बहुधा स्क्रीनची असते. लॅपटॉपचा प्रकाश पूर्ण ठेवून फोटो सुधारला की कागदावर तो काळवंडणारच. प्रकाश अर्ध्यावर आणा, मग ठरवा.

४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ए४ ला २४८० बाय ३५०८. फॉरवर्ड होत होत आलेल्या फोटोचा ए४ काढून प्रिंटरला शिव्या देऊ नका. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

फॉर्मवाला, नंदनवन

पासपोर्ट साइज ३५ बाय ४५ मिमी. ४ बाय ६ च्या एका कागदावर आठ बसतात: लांबीत चार म्हणजे १४० मिमी, रुंदीत दोन म्हणजे ९० मिमी. कागद १५२ बाय १०२ चा, म्हणजे कापायला जागा उरते. बॉर्डरलेस (कडा न सोडता छापणं) बंद आणि स्केल १०० टक्के. 'फिट टू पेज' राहिलं तर माप बिघडतं आणि फॉर्म परत येतो.

कागदी, इतवारी

बॉर्डरलेसचं निघालं म्हणून. त्यात ड्रायव्हर फोटो किंचित मोठा करून कडेबाहेर छापतो, त्यामुळे कडेजवळचं डोकं किंवा तारीख कापली जाते. बाहेर पडलेली शाई आत साचते आणि पुढच्या कागदाच्या पाठीला लागते. पाठ मळायला लागली की साधे ए४ कागद छापल्याशिवाय एकामागून एक सोडा, डाग येणं थांबेपर्यंत.

आणि कागद ओढतच नसेल तर ट्रेमध्ये एकच ठेवा, त्याच्या मागे आधाराला त्याच मापाचा साधा जाड कागद. तरी घसरला तर रोलर धूळ खाऊन गुळगुळीत झालाय. धागे न सुटणारं कापड पाण्यानं जेमतेम ओलं करून रोलर हातानं फिरवत पुसा, प्लग काढून. वाळू द्या, मग कागद घाला.