गावाच्या मधोमध भाड्याने राहिलेल्यांनो, लिहा (अनुभव धागा)

ओसरी

काल रद्दी काढताना जुना भाडेकरार हाताला लागला. १९९८ सालचा, अकरा महिन्यांचा, कडेनं पिवळा पडलेला स्टॅम्पपेपर. नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, भाडं १,४००, डिपॉझिट १०,०००. कागद घेऊन तशीच जमिनीवर बसले, कुकरच्या शिट्ट्याही मोजल्या नाहीत.

दर अकरा महिन्यांनी नवा कागद करत तिथं सहा वर्षं काढली. वर जायला लाकडी जिना, धरायला दोर. मोरी खोलीतच, संडास खाली मागच्या अंगाला. पाणी सकाळी दीड तास. पाहुणा आला की एकानं जिन्यात बसायचं. पण माझी बँक लक्ष्मी रोडला, घरापासून सात मिनिटं. मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम भात खाऊन परत जायचे. भाजी मंडईतून, जूनमध्ये वह्या-पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून. संध्याकाळी ओंकारेश्वर, नाहीतर झेड ब्रिजवरून डेक्कन. सहा वर्षांत घरात सायकलसुद्धा नव्हती.

एकदा मुलगा शाळेतून वेळेत आला नाही, तिसरीत होता तेव्हा. घरी फोन नव्हता, शेजारच्या वहिनी बँकेत धावत आल्या. मी निघाले तर घरी पोचायच्या आत चार जणांनी सांगितलं, "अहो, तो गिरणीत बसलाय." बुटाचा तळ निघाला होता, रस्त्यात खडी पसरलेली, म्हणून गिरणीवाल्या काकांनी त्याला पिठाच्या डब्यावर बसवून ठेवलं होतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या पोराच्या.

२००४ ला वाडा बिल्डरकडे गेला, आम्ही निघालो. आता वाघोलीला आहे. घर मोठं आहे, स्वतःचं आहे. कोथिंबीर आणायला गाडी काढावी लागते.

तुम्ही कुठे राहिलात, भाडं काय होतं, काय सोसलं, काय मिळालं ते लिहा. पुणंच हवं असं नाही.

सातारी_कंदी

दोराचा जिना!!! आमच्याकडे पण होता, शनिवार पेठेत. पाण्याची बादली घेऊन चढायची सवय अशी की अजून लिफ्टमध्ये पिशवी उजव्याच हातात धरते, डावा हात दोरासाठी मोकळा. पोळ्या करतेय, नंतर सविस्तर लिहिते.

कॉट_नंबर_४

मी २०१६ ते २०२०, सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिराच्या मागं. खोली म्हणता येत नाही, कॉट. एका खोलीत पाच कॉट, कॉटखाली ट्रंक, भिंतीला ज्याचा त्याचा नकाशा. कॉटचे १,८००, मेसचे २,२००, अभ्यासिकेचे ७००. बीडहून बाप दर महिन्याला पाच हजार पाठवायचा, दुष्काळाच्या सालात कुठून आणायचा ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

हे गणित पेठेतच बसायचं कारण गाडीखर्च शून्य. कॉट ते अभ्यासिका तीन मिनिटं, मेस चार, जुनी पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत. चार वर्षांत पीएमटीचा पास काढला नाही. रात्री दोनला अभ्यासिकेतून बाहेर पडलं तरी रस्त्यात आपल्यासारखीच पोरं, कुणी राज्यघटनेची कलमं पाठ करत चाललेलं. भीती वाटायची ती फक्त निकालाची.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मेस बंद. सात आठ दिवस बिस्किटावर काढले. मालकीण काकू खालीच राहायच्या, एक दिवस वर आल्या, काही न बोलता पातेलं ठेवून गेल्या. पिठलं आणि भात. मग रोजच. मे महिन्यात आमच्यासाठी एसटी सोडली तेव्हा गावाकडं गेलो, सामान तसंच. नोव्हेंबरात परत आलो तर पाचही जणांची पुस्तकं पोत्यात बांधून माळ्यावर, पोत्यावर खडूनं नावं. मधल्या महिन्यांचं भाडं घेतलं नाही, म्हणाल्या तुम्ही राहिलातच कुठं.

आता तलाठी आहे. पहिला पगार झाला तेव्हा काकूंना साडी नेली. लुगडं नेसतात हे चार वर्षांत माझ्या लक्षात नव्हतं आलं. जाऊन बदलून आणली, लक्ष्मी रोड दोन मिनिटांवर.

मुळशीकर

पुस्तकं पोत्यात 🙏 डोळ्यात पाणी आणलंत राव. मेस कुठली? रविवारी संध्याकाळी बंद असायची ना? आम्ही दुपारच्या फीस्टच्या चार पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचो रात्रीसाठी.

कॉट_नंबर_४

@मुळशीकर आम्ही पण! आणि लोणचं रूममध्ये, लातूरच्या मित्राच्या आईचं.

चाफेकळी

सगळं गोड लिहिताय, वाचायला छान वाटतंय. माझं थोडं वेगळं आहे.

२०११, पहिली नोकरी, एकटी मुलगी. ऑफिस टिळक रोडला, म्हणून पेठेतच खोली हवी होती. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, खाण्यात काय? तिसरा, लग्नाचं बघताय का? आडनाव ऐकल्यावर काहींचा आवाजच बदलायचा, अगदी मऊ व्हायचा आणि मग "आत्ताच एकांना शब्द दिला हो". चौदा घरं झाली. मी वहीत मोजत होते. एजंटनं सांगितलं, ताई, आडनाव नका सांगू, नुसतं नाव सांगा. मी सांगत राहिले.

पंधरावं घर शुक्रवार पेठेत, आजी एकट्या. त्यांनी विचारलं, "रात्री दार लावायला उठशील ना? माझे गुडघे दुखतात." बस, एवढंच. साडेतीन वर्षं राहिले. बुधवारी मी बोंबील केले की त्या खिडकी उघडायच्या आणि गॅलरीत जप करत बसायच्या, कधी शब्दानं बोलल्या नाहीत. तुळशीबागेत माझ्यासोबत यायच्या, मी हात धरायचे. त्या गेल्या तेव्हा खांदा द्यायला पुतणे होते, पण दहा दिवस दिवा मी लावला.

पेठांवर माझं प्रेम आहे. ती चौदा दारंही आठवतात.

ओसरी

@चाफेकळी वाचून गप्प झाले. आम्हाला १९९८ मध्ये आडनाव विचारून पाच मिनिटांत किल्ली दिली होती. मालक चांगले म्हणून दिली, असंच मी आजवर धरून चालले होते. सहा वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की ते आडनाव का विचारलं.

सातारी_कंदी

@चाफेकळी 🫂

पाठारेवाडी_मागची_चाळ

गिरगाव. आमची तिसरी पिढी, पागडीची खोली. आजोबांनी मालकाला एकरकमी पागडी दिली, तेव्हापासून भाड्याची पावती. आजही पावती १८० रुपयांची, आणि दुसऱ्याला द्यायची म्हटली तर मालकाचा हिस्सा आधी. म्हणजे आम्ही भाडेकरू की मालक? वडील म्हणायचे, पाऊस गळेल तेव्हा मालक आपण, विकायची वेळ आली की भाडेकरू.

१८० चौरस फूट, सात माणसं. संडास गॅलरीच्या टोकाला. पण दहावीचा अभ्यास मी चौपाटीवर केलाय. चर्नी रोड स्टेशन चालत, ठाकुरद्वार चालत, वडिलांचं ऑफिस फोर्टला, तेही संध्याकाळी चालत यायचे मरीन लाइन्सवरून. पाडव्याच्या शोभायात्रेला अख्खं गिरगाव रस्त्यावर, नऊवारी आणि फेटे.

मेट्रो ३ च्या कामात आमच्या ओळखीच्या इमारती रिकाम्या झाल्या. आता गिरगाव स्टेशन सुरू आहे, सोय झाली, मी स्वतः वापरतो. पण जिन्यावरून वर आलं की समोर जे दुकान दिसायला हवं ते नाही, आणि दरवेळी क्षणभर चुकल्यासारखं होतं.

कायद्याचं_बोला

पागडीचा विषय निघालाच आहे म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. पागडीला कायद्याची मान्यता त्यानंच मिळाली, आधी सगळा व्यवहार हातावर हात. दुसरं, आत्ता घर शोधणाऱ्या मुलांसाठी: लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी कलम ५५ नुसार घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. "नोटरी करू, तेवढं पुरतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आता अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. मी नोटरीवर राहून ३०,००० डिपॉझिट घालवलंय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

लक्ष्मीरोडवाली

कोणी विसर्जनाबद्दल लिहिलंच नाही???

आमची गॅलरी थेट लक्ष्मी रोडवर. भाडेकरू आम्ही, पण त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांचं घर. सकाळी मंडईतून मानाचा पहिला कसबा गणपती निघाला की फोन सुरू, निघालो गं, कुठवर आलाय? दोन खोल्यांत बावीस माणसं, मोजलेली. आई आदल्या रात्री अळूवड्यांचे उंडे करून ठेवायची. पाच मानाचे झाले की म्हातारी माणसं जेवून आडवी व्हायची, आमची रात्र तिथून सुरू. दुसऱ्या दिवशी दुपारीही मिरवणूक चालूच.

पुढे बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या वर्षीचे स्पीकर... काच थरथरत होती, बाबांचा हात माझ्या हातात थरथरत होता. पहाटे मागच्या बोळातून त्यांना खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून काकांकडे नेलं. त्यानंतर आम्ही दरवर्षी ते दोन दिवस घर सोडून जायचो. ढोलाला माझी काही तक्रार नाही, मी स्वतः ताशा वाजवलाय तीन वर्षं. स्पीकरच्या भिंती लावून जे करतात त्याची आहे, आणि ती कायम राहील.

मुळशीकर

अळूवडीला चिंच की आंबट ताक?

लक्ष्मीरोडवाली

@मुळशीकर चिंच आणि गूळ. ताक आमच्यात नाही घालत.

भटकभवानी

बर्लिनहून, प्रेन्झलाउअर बेर्ग. जर्मनीत घर मिळायला मला पाच महिने लागले, एकेका घराच्या जिन्यात चाळीस जणांची रांग. भाडं दोन प्रकारचं, थंड आणि गरम: गरम भाड्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं. डिपॉझिट थंड भाड्याच्या तिप्पटीहून जास्त घेता येत नाही. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून.

आई तीन महिने राहायला आली होती, जन्म सगळा कसबा पेठेत गेलेला. मला वाटलं कंटाळेल. चौथ्या दिवशी एकटीच खाली जाऊन पाव घेऊन आली. मग बेकरी, शनिवारचा बाजार, बागेतला बाक, सगळं तिचं ठरलं. जर्मन दोनच शब्द, बाकी खुणा. निघताना बेकरीतल्या बाईंनी तिला मिठी मारली. विमानतळावर मला म्हणाली, "तुझी पेठ चांगली आहे." मी दुसरीकडे मोठं घर बघत होते, ते सोडून दिलं.

सातारी_कंदी

"तुझी पेठ चांगली आहे" ❤️ आई आठवली. स्वयंपाक झाला पण लिहायचं होतं ते विसरले, तुमचंच वाचत बसले.

शनिवारचा_जुना

मी सांगतो आहे, नात टाइप करते आहे. वय ७३.

आम्ही शनिवार पेठेत नदीच्या बाजूला भाड्यानं होतो, महिना १२ रुपये. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा. सकाळी ओरडा झाला, धरण फुटलं, पळा. आईनं धाकट्याला कडेवर घेतलं, मला हाताला धरलं, आणि पर्वतीकडे. वडील छापखान्यात होते, ते संध्याकाळी पर्वतीवर सापडले. घर मातीचं होतं, ते बसलं. पानशेत फुटलं तसं खडकवासलाही फुटलं, त्यामुळे नंतर गावात नळाला पाणी नाही. मग पेठांतले जुने आड आणि हौद कामाला आले.

आम्हाला पुढे गोखलेनगरला जागा मिळाली. कौलारू, कोरडी, चांगली जागा. पण छापखाना तिथून लांब. वडील जन्मभर चालत कामावर गेले होते, चाळिसाव्या वर्षी सायकल शिकले, दोनदा पडले. रविवारी मात्र ते आम्हाला घेऊन चालत शनिवारात यायचे. घर नव्हतंच. जोत्याच्या दगडावर बसून ओळखीच्यांची वाट बघायचे, आणि लोकही तिथंच यायचे.

ओसरी

@शनिवारचा_जुना आजोबा, नमस्कार. आमच्या वाड्यातही खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती. मालकांनी रंग देताना तेवढी पट्टी कायम सोडली होती.

मुळशीकर

विषय थोडा बाजूला. भाची जूनपासून अभ्यासाला येतेय, मुलींसाठी कॉट किंवा लहान खोली कुणाला माहीत आहे का? पेरूगेट ते नागनाथ पार, कुठेही चालेल. अट एकच, आडनाव न विचारणारे लोक हवेत.

चाफेकळी

@मुळशीकर शुक्रवारातल्या आजींची खोली आता पुतण्या मुलींनाच देतो. नंबर मेसेजमध्ये पाठवते. करार नोंदवून देतो का ते मात्र आधी विचारा.

कॉट_नंबर_४

@मुळशीकर काकूंना पण विचारतो. खाली एक खोली मुलींसाठी काढली होती त्यांनी. आत्ता दुपारच्या झोपल्या असतील, चारनंतर फोन करतो.