चष्मा लावणाऱ्यांनी फुल फेस घ्यावं की फ्लिप-अप? (इंदूर ते पीथमपूर रोजचं)

नमस्कार मंडळी,

हेल्मेट घ्यायचंय, पूर्ण बंद असलेलं फुल फेस की हनुवटीचा भाग वर उघडणारं फ्लिप-अप यावरून दोन आठवडे डोकं फिरलंय, जरा सविस्तर लिहितो.

मी राजेंद्रनगरला राहतो, राऊवरून पीथमपूरला कंपनीत जातो, गाडी स्प्लेंडर, शिफ्ट बदलत असते त्यामुळे बरेचदा रात्रीच परत येणं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या इथे हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश आला तेव्हा घाईत एक हाफ फेस घेतलं होतं, आयएसआयवालं. मागच्या पंधरवड्यात राऊच्या पुढे वळणावर रेती पडलेली, पुढचं चाक सटकलं आणि मी डाव्या अंगावर पडलो. स्पीड जेमतेम तीस. डोकं वाचलं पण हनुवटी फुटली, चार टाके, आणि चष्म्याची काडी कानाच्या वर घुसली.

घरी येऊन हेल्मेटचं आतलं कापड उचकटून बघितलं तर डावीकडे थर्माकोलला बोटभर चीर! वरून नुसतं खरचटलेलं, बघितलं नसतं तर तेच घालून परत कामाला निघालो असतो. तो थर्माकोल एकदाच दबतो आणि मार झेलतो, दुसऱ्यांदा उपयोगाचा नाही. ज्यांचं हेल्मेट एकदा जोरात आपटलंय त्यांनी कृपा करून बदला.

आता ठरवलंय की हनुवटी झाकणारंच घेणार, बजेट पाच हजारापर्यंत. काल दुकानात जाऊन आलो. आईच्या शिवणकामाच्या टेपने भुवईच्या वरून डोकं मोजलं ते ५८ सेंटीमीटर, म्हणजे एम साईज. दुकानदार म्हणाला, "भिया, एल ले लो, आराम रहेगा." एल घातलं, पट्टा बांधला आणि मागून वर ओढून बघितलं तर सरळ कपाळावरून डोळ्यांवर आलं. एम मध्ये गाल दाबले जातात पण हेल्मेट हलवलं की गालाची कातडी पण सोबत हलते, तेच बरोबर असं वाचलंय.

पण घोळ इथेच आहे. एम च्या फुल फेसमध्ये माझा चष्मा जातच नाही, काड्या कानामागे वळलेल्या आहेत, आधी हेल्मेट घालून मग चष्मा सरकवला तर काडी गालाच्या पॅडमध्ये अडकते आणि जखमेवरच टोचते. फ्लिप-अपमध्ये हनुवटीचा भाग वर करून चष्मा आरामात लागला. एसएमकेचं आणि स्टीलबर्डचं, दोन्ही घालून बघितली. वजन मात्र फुल फेसपेक्षा जास्त वाटलं आणि बिजागरी बघून मनात धाकधूक, पडल्यावर ती उघडली तर?

मला एवढं कळलंय की ईसीईवाल्या (म्हणजे युरोपियन मानकाच्या) हेल्मेटच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं, त्यात नंबराच्या शेजारी पी (P) असेल तर हनुवटीचा भाग टेस्ट केलेला, जे (J) म्हणजे उघडं, आणि पी-जे दोन्ही असेल तर बंद आणि उघडं दोन्ही स्थितीत पास. नंबर ०६ ने सुरू होत असेल तर नवीन २२.०६ मानक. आयएसआय तर हवंच, १ जून २०२१ पासून त्याशिवाय विकायलाच बंदी आहे, आणि आयएसआय शिक्क्यासोबतचा सीएम/एल हा लायसन्स नंबर बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकला की लायसन्स खरं की खोटं लगेच कळतं. दुकानातच टाकून बघितला, खरा निघाला.

तर विचारायचं हे की चष्मा लावून रोज तीस-चाळीस किलोमीटर फ्लिप-अप वापरणारं कोणी आहे का? मान दुखते का? वर्ष-दोन वर्षांनी लॉक ढिला पडतो का? की सरळ काड्यांचा दुसरा चष्मा करून फुल फेसच घेऊ? रात्री यायचं असल्याने वायझर (पुढची काच) पांढरा, म्हणजे पारदर्शकच घेणार, पण पावसात आतून वाफ धरते आणि चष्म्यावर पण, त्याला पिनलॉक (वायझरच्या आत लावायची वाफ न धरणारी जादा काच) खरंच पुरतं का तेही सांगा. इंदूरचं कोणी असेल तर कुठल्या दुकानात घालून बघायला निवांत वेळ देतात तेवढं कळवा, सोमवारपासून कामावर जायचंय, तोवर बसनेच.