८ फुटी फोम सर्फबोर्डनंतर पुढचा कोणता? गोव्याच्या लाटा, वजन ५८ किलो

पुणे_ते_मांद्रे
वजन ५८ किलो, उंची ५ फूट ४ इंच. मांद्रे-आश्वेला भाड्याच्या ८ फुटी फोम बोर्डवर पंचवीसेक सेशन झालीत. फेसात उभं राहणं पक्कं आहे. न फुटलेल्या लाटा निम्म्याअधिक वेळा स्वतः पकडते. डावीकडे लाटेसोबत जाता येतं, उजवीकडे अजून नाही. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय, बजेट ३५ हजार. ५ फूट १० इंचाचा, २७ लिटर आकारमानाचा शॉर्टबोर्ड फिन्ससकट (तळाच्या पात्यांसकट) स्वस्तात मिळतोय आणि गाडीत आडवा मावतो. घेऊ का? आणि हे लिटरचं गणित नेमकं कसं करायचं?

खारं_पाणी
नका घेऊ. गाडीत मावेल, लाट मात्र मिळणार नाही.

तुमचा भाड्याचा फोम बोर्ड साधारण ७० ते ७५ लिटरचा असणार. तिथून एकदम २७ वर उतरलात तर पॅडल मारतानाच बोर्ड पाण्याखाली दबून राहील. दबलेला बोर्ड वेग धरत नाही, आणि वेग नसला की लाट उभी होऊन फुटायला आली तरच तो सुटतो. ऑक्टोबर ते मे गोव्यात लाट बहुतेक दिवस कंबरेइतकी किंवा त्याहून कमी, शिवाय उताराला मऊ. ती छोट्या बोर्डाखालून निघून जाते. तासाभरात दोन लाटा मिळाल्या तर उजवीकडे वळायचा सराव करणार कधी?

लिटरचा ढोबळ हिशोब असा: या टप्प्यावर वजनाच्या किलोंच्या ०.८५ ते ०.९५ पट. म्हणजे तुम्हाला ५० ते ५५ लिटर. आणि एका टप्प्यात पाव भागापेक्षा फार जास्त लिटर कमी करू नयेत. दोन्हीचा मेळ घातला तर ७ फूट ६ ते ७ फूट १० इंच लांब, २२ इंच रुंद, पावणेतीन इंच जाड असा मिनी-मॅल, म्हणजे लाँगबोर्डचा आखूड भाऊ, येतो.

पण नुसत्या लिटरवर जाऊ नका. ५० लिटर साडेसहा फुटाच्या जाडजूड बोर्डातही बसतात. तो तरंगतो, पण पाण्यावरून सरकत नाही, कारण पाण्याला टेकलेली लांबी कमी. लाट लवकर पकडायची तर लांबी हवी, उभं राहिल्यावर डुगडुगू नये म्हणून रुंदी हवी. आणि रॉकर, म्हणजे बोर्डाचा लांबीतला बाक, बघा. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा, नाकाकडचा भाग किती उचललेला आहे ते पाहा. केळ्यासारखा वाकलेला बोर्ड उभ्या, जोरकस लाटांसाठी असतो. आपल्याला मधला भाग जवळजवळ सपाट आणि नाक थोडंसंच वर असलेला हवा.

उधाण
वरच्याशी निम्मा सहमत. शॉर्टबोर्ड नको हे खरंच, पण मी सरळ ९ फुटी लाँगबोर्ड सुचवेन. गोव्याच्या गुडघाभर लाटेत वर्षातले सर्वांत जास्त दिवस वापरता येईल असा बोर्ड तोच. सकाळी मतलई वारा असताना ९ फुटीवर लाट फुटायच्या कितीतरी आधी उभं राहता येतं, मग कुठल्या बाजूला जायचं ते ठरवायला वेळ मिळतो. उजवी बाजू न जमण्याचं कारण बहुधा हेच आहे: टेकऑफ (लाट पकडून उभं राहणं) उशिरा होतो आणि नाक सरळ किनाऱ्याकडे असतं. पॅडलचे शेवटचे दोन हात मारतानाच नाक थोडं उजवीकडे वळवायला हवं, नजरही तिकडेच.

खारं_पाणी
लाँगबोर्डची बाजू मान्य. अडचण दोन ठिकाणी आहे. ५ फूट ४ इंच उंचीला साडेबावीस इंच रुंद बोर्ड काखेत बसत नाही, डोक्यावर घेऊन वाळूतून चालावं लागतं. आणि पुण्याहून ९ फुटी बोर्ड म्हणजे दर वेळी टपावर रॅक, पट्टे आणि घाटभर शिट्टीसारखा आवाज (पट्ट्याला एक पीळ दिला की तो बराच थांबतो). मांद्र्यातच कुठे ठेवायची सोय असेल तर मात्र उधाण म्हणतात तेच घ्या.

एक सावधगिरी. हार्ड बोर्ड म्हणजे कडक नाक आणि धारदार फिन्स. शनिवार-रविवारी आंघोळीला उतरलेल्या पर्यटकांमध्ये तो चालवू नका. समोरून फेस आला की बोर्ड सोडून बुडी मारायची सवय फोमवर लागलेली असते, ती आधी मोडा. ५२ लिटरचा बोर्ड डक-डाइव्ह होत नाही, म्हणजे नाक दाबून लाटेखालून नेता येत नाही, त्यामुळे टर्टल रोल शिकून घ्या: दोन्ही रेल (बोर्डाच्या कडा) घट्ट धरून उलटं व्हायचं, बोर्ड छातीजवळ ओढायचा, फेस वरून गेला की परत सुलटं.

पुणे_ते_मांद्रे
शॉर्टबोर्ड सोडला. आता ७ फूट ८ इंचाचा एक वापरलेला मिनी-मॅल मिळतोय, इपॉक्सी रेझिनचा म्हणतात. २२ इंच रुंद, ५३ लिटर, २+१ फिन्स (मधली मोठी, बाजूला दोन छोट्या). डेकवर (वरच्या बाजूला) पावलांचे खड्डे आहेत आणि मधल्या फिन बॉक्सच्या (फिन बसवायच्या खाचेच्या) कडेला रुपयाएवढा तपकिरी डाग. विकणारा म्हणतो डाग नुसता वरवरचा आहे.

रेझिन_आणि_रेती
पावलांचे उथळ खड्डे चालतात. तपकिरी डाग वरवरचा नसतो. पाणी आत गेलंय.

बोर्ड बघायला उन्हात जा, ट्यूबलाइटखाली नको. आधी डेकवर दोन्ही अंगठ्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत दाबत या. कुठे पापडासारखं कुरकुरलं किंवा आत जाऊन परत वर आलं, तर वरची काच (फायबरग्लासचा थर) आतल्या फोमपासून सुटलीय. त्यातही पाय ठेवायच्या जागी तसं असेल तर बोर्ड सोडून द्या. मग बोर्ड डोळ्याच्या पातळीला धरून तळ बघा. एका रेलपासून दुसऱ्या रेलपर्यंत आडवी सुरकुती दिसली तर तो एकदा वाकलाय, पुढच्या आपटीत तिथेच मोडणार. रेलवरून बोट फिरवा, जुनी दुरुस्ती हाताला लागते. शेवटी फिन धरून हलवा. फिन बॉक्सात थोडी खुळखुळली तर चालेल, अख्खा बॉक्सच हलला तर नाही.

आता तुमचा डाग. तिथे अंगठा दाबून धरा. पाण्याचा थेंब किंवा बुडबुडा आला, कडेला मिठाचे कण दिसले, तर तडा उघडा आहे. बॉक्स घट्ट असेल तर दुरुस्ती होते: बोर्ड सावलीत, वाऱ्याला, तडा खालच्या बाजूला येईल असा दहा-पंधरा दिवस टेकवून ठेवायचा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काच आणि रेझिन. पावसाळ्यात हे करू नका, आतला फोम वाळतच नाही. ओल्यावर रेझिन लावलं तर पाणी कायमचं कोंडतं.

सगळ्यात जास्त बोर्ड इथे वाया जातात: इपॉक्सी बोर्डचा फोम बहुधा ईपीएस, म्हणजे आपल्या थर्माकोलचाच भाऊ. त्यावर पॉलिएस्टर रेझिन पडलं की फोम विरघळून पोकळी होते. दुकानात मिळणाऱ्या उन्हात सुकणाऱ्या ट्यूबा दोन्ही प्रकारच्या असतात, वाचून घ्या. कळत नसेल तर तड्यातून आत बघा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ईपीएस, आणि फक्त इपॉक्सीच लावायचं. बारीक भुकटीसारखा पिवळसर फोम असेल तर पीयू (पॉलियुरेथेन), त्यावर दोन्ही चालतात.

याच कारणाने इपॉक्सी बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही. आतली हवा फुगते आणि डेकला फोड येतो. पांढरी किंवा चंदेरी बॅग घ्या, काळी नको.

किमतीचं म्हणाल तर डाग दाखवून दुरुस्तीचा खर्च वजा करून घ्या. बॉक्सच हलत असेल तर राउटर नावाच्या कोरायच्या यंत्राने काढून नवा बसवावा लागतो, ते घरचं काम नाही. तो बोर्ड स्वस्तातही महाग पडेल.

पुणे_ते_मांद्रे
बॉक्स घट्ट आहे, दाबल्यावर ओल आली. तीन हजार कमी करून घेतला, सध्या मित्राकडे वाळत ठेवलाय. लिश (बोर्ड पायाला जोडणारा पट्टा) आणि फिन्सचं सांगा.

उधाण
लिश ८ फुटी, ७ मिलिमीटर जाड. बोर्डपेक्षा आखूड नको, आपटल्यावर बोर्ड परत अंगावर येतो. लिश बांधायची दोरी प्लगमधून (शेपटीजवळच्या डेकवरच्या खाचेतून) ओवल्यावर शेपटीच्या कडेपर्यंत पोचता कामा नये. पोचली तर ओढ बसेल तेव्हा ती काच चिरते. कडेवर फक्त लिशची रुंद पट्टी यायला हवी.

मधली फिन ७ इंची, बाजूच्या दोन छोट्या. सुरुवातीला मधली फिन बॉक्सात मागे सरकवून लावा, बोर्ड सरळ आणि स्थिर राहतो. वळण जड वाटायला लागलं की अर्धा-अर्धा इंच पुढे आणा. स्क्रू हाताला घट्ट लागला की थांबा, जोर लावला तर बॉक्स परत तडकेल. आणि पाय घसरू नये म्हणून डेकला लावायचं वॅक्स ट्रॉपिकल, म्हणजे गरम पाण्याचंच घ्या. थंड पाण्याचं वॅक्स गोव्यात तुपासारखं पातळ होतं.